छप्पन्न लिटरचं बंदर

न्हावा शेव्याच्या परिसरात मासा दिसला की माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कितीला दिला?" आणि दुसरा, "कालवण की तळलेला?" एखाद्याने दिवाणखान्यात काचेची टाकी आणून तीत रंगीत मासे सोडले की हे दोन्ही प्रश्न बाद होतात आणि भेटायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. जिताड्याचे कल्ले उघडून तो आजचा की कालचा हे सांगणारी, चिंबोरी नुसती हातात धरून भरलेली की पोकळ हे ओळखणारी जाणती माणसं त्या टाकीपुढे गप्प उभी राहतात. "एवढुशा माशाचं करावाचं काय?" असं दारावर येणारी कोळीणमावशी विचारते, तेव्हा घरातले हसतात. पण पहिला आठवडा संपायच्या आत तोच प्रश्न टाकीचा मालक दुकानदाराला फोनवर विचारत असतो.

कारण तोवर पाणी बिघडलेलं असतं. मासे पाळणारा माणूस खरं तर पाणी पाळत असतो, मासे त्यात राहतात इतकंच. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. सांगितली तर लोक म्हणतील, पाणी आमच्याकडे नळाला फुकट येतं, त्यासाठी तुमच्याकडे कशाला यायचं?

आता गप्पी माशाचंच घ्या. हिवताप विभागाची माणसं त्याला बादलीतून आणतात आणि डबक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत किंवा गटारात सोडून देतात. तिथे तो डासांच्या अळ्या खातो, पिलं घालतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत खापरपणजोबा होतो. तोच गप्पी जरा झुपकेदार शेपटीचा पाहून कुर्ल्याच्या बाजारातून आणला जातो. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून हा प्रवास फार सुखाचा झाला आहे. मासा वीस रुपयांचा आणि गाडीचा टोल अडीचशेचा. घरी त्याच्यासाठी निळा दिवा, प्लास्टिकचा राजवाडा आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या तयार असतो. एवढं ऐश्वर्य भोगून तो तिसऱ्या दिवशी आडवा होतो. गटारात जगणारा मासा राजवाड्यात का मरतो? गटारात त्याची काळजी घेणारं कोणी नसतं, हे त्याचं उत्तर.

बंदराच्या आसपास राहणाऱ्या माणसाला टाकीतलं शास्त्र लवकर कळायला हवं. इथलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. समजा, तेव्हा धक्के बांधले असते, क्रेन उभ्या केल्या असत्या, जहाजं बोलावली असती. फक्त कस्टमचा माणूस आणि क्लिअरिंग एजंट नेमायचं राहून गेलं असतं, तर? कंटेनर उतरत राहिले असते आणि हलला एकही नसता. नव्या टाकीत अगदी हेच होतं. मासा कल्ल्यांवाटे रात्रंदिवस अमोनिया सोडत असतो आणि तळाशी कुजणारं खाणं त्यात भर घालतं. हा माल सोडवणारे दोन एजंट असतात, दोघेही डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. पहिला नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद; हे अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसरा नायट्रोस्पायरा, तो नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया जहाल असतो आणि नायट्राइटही जहाल असतं. नायट्रेट मात्र बेताचं असलं तर माशाला फारसं बाधत नाही. पाणवनस्पती थोडं शोषून घेतात आणि बाकीचं दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की बाहेर जातं.

पण हे एजंट काचेच्या टाकीबरोबर मिळत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर हळूहळू वस्ती करतात. या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यातही दुसरा एजंट पहिल्याचा जम बसल्याशिवाय ऑफिस उघडत नाही. तोवर सगळा माल यार्डातच पडून असतो, मासेही त्याच यार्डात राहतात आणि माल अडकल्याचा दंड, म्हणजे डिमरेज, तेच भरतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी जी टाकी नवशिका घेतो, तिचं आकारमान होतं छप्पन्न लिटर. खडे, राजवाडा आणि पाणबुड्या यांनी आपापली जागा घेतली की पाणी पन्नास लिटरच्याही खाली येतं. एवढ्याशा बंदरात पहिल्याच दिवशी वीस जहाजं लागतात, कारण दुकानदार म्हणतो, "साहेब, टाकी भरलेली दिसली पाहिजे." त्यात चार गोल्डफिश असतात. हा मूळचा थंड पाण्यातला आणि अफाट घाण करणारा मासा. शिवाय 'शार्क' नावाची एक जोडी असते. हा शार्क म्हणजे पंगास. टाकीत तो बोटाएवढा दिसतो, पण मोकळ्या पाण्यात तीन-चार फुटांपर्यंत वाढतो. हॉटेलात 'बासा' म्हणून जे पांढरं, बिनकाट्याचं काहीतरी ताटात येतं, ते बहुतेक वेळा याच्याच घराण्यातलं असतं. म्हणजे एकाच कुळातली काही मंडळी गोठून रीफर कंटेनरमधून प्रवास करतात आणि काही दिवाणखान्यात शार्क म्हणून मिरवतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. हा जिवाणूंचा बहर. खाणं आणि घाण भरपूर मिळाल्यावर पाण्यात तरंगणारे वेगळेच जिवाणू एकदम वाढतात आणि काही दिवसांत आपोआप ओसरतात. यावर उपाय म्हणजे खाणं कमी करणं आणि हात बांधून बसणं. त्यातला दुसरा भाग आपल्याकडे अवघड. बिघाड दिसतो आहे आणि आपण काहीच करत नाही, हे मराठी मध्यमवर्गीय माणसाला सहन होत नाही. सर्दी झाली तर तो काढा घेतो, टीव्हीत मुंग्या आल्या तर टीव्हीला थापट मारतो. टाकी दुधाळ झाल्यावर तो बाह्या सरसावणार नाही तर काय करणार?

मग रविवार उजाडतो. मासे बादलीत जातात, टाकी गच्चीवर किंवा मोरीत जाते. खडे तांदळासारखे सात पाण्यांनी धुतले जातात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून, पांढराशुभ्र केला जातो. मोठ्या मुश्किलीने रुजू झालेले ते दोन एजंट, त्यांचे कारकून, त्यांची टेबलं सगळं मोरीतून वाहून जातं. टाकी पुन्हा काठोकाठ भरली जाते आणि आरशासारखी चमकते. घरातले सगळे म्हणतात, "आता कसं वाटतंय!" बुधवारी पाणी पुन्हा दुधाळ होतं.

या भागात असं होण्याला एक व्यावसायिक कारणही असावं. मोठी जहाजं तोल सांभाळण्यासाठी पोटात समुद्राचं पाणी भरून घेतात. एका बंदरातले जीव त्या पाण्याबरोबर दुसऱ्या बंदरात जाऊन उच्छाद मांडतात, म्हणून यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात हे पाणी बदलायचं तर किमान ९५ टक्के बदलायचं, असा त्यातला एक नियम आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात पन्नास मायक्रॉनहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरला दहापेक्षा कमी असले पाहिजेत, असा दुसरा. जहाजासाठी हे सगळं योग्यच. पण बंदरात आठवडाभर हेच ऐकणारा माणूस रविवारी घरच्या टाकीलाही तोच नियम लावतो. टाकीचा हिशेब नेमका उलटा असतो. पाणी बदलायचं ते आठवड्याला पाव हिस्सा, आणि जीव हवेत कोट्यवधी. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता खळबळून घ्यायचा. तो मळकट दिसला तरी चालतो, दिसायलाच हवा. पण मळकट स्पंज घरात कोण ठेवू देईल?

नव्याने भरलेलं पाणी कुठून आलं, याचाही विचार हवा. 'न्हावा शेवा पाणीपुरवठा योजना' या नावाने जे पाणी पनवेलला आणि बंदराच्या बाजूला येतं, ते पाताळगंगेचं. त्याचा प्रवास मोठा मानाचा आहे. लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीवर पडलेला पाऊस तिथल्या तलावांत साठतो. नळांतून घाट उतरून तो १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजघरातली चक्रं फिरवतो आणि मग पाताळगंगेत येतो. भोकरपाड्याला शुद्ध होऊन तो आपल्या बादलीत पडतो. उरणच्या बाजूला रानसईचं पाणी, द्रोणागिरी-उलव्याला हेटवण्याचं. ही सगळी पावसाची, बसाल्टवरून वाहत आलेली हलकी पाणी. कपड्यांना साबण छान फेसाळतो, डाळ पटकन शिजते. मात्र या पाण्यात आम्लाचा घाव पेलण्याची ताकद कमी असते, त्यामुळे टाकीत पीएच हळूहळू घसरत जातो.

आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. असायलाच हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं असं म्हटलं आहे. आपलं पोट त्यामुळे वाचतं. माशाचे कल्ले मात्र त्याने भाजून निघतात आणि दोन्ही एजंटही दगावतात. पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात 'अँटीक्लोरीन' मिळतं. त्यातलं मुख्य द्रव्य सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफर मंडळींचा पूर्वीचा 'हायपो'. सगळ्या रंगीत बाटल्यांत खरोखर उपयोगाची अशी ही एकच बाटली असते, आणि ती सगळ्यात स्वस्त असल्यामुळे तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

पाणी बंद असेल त्या दिवशी टँकर येतो, नाहीतर बोअरचं पाणी चढतं. खाडीच्या काठची बोअर, तिची चव कोणाला सांगायला नको. मॉली माशाला असं मचूळ पाणी आवडतं, टेट्राला अजिबात नाही. दोघांना एकाच टाकीत ठेवणारा गृहस्थ सोमवारी पाताळगंगा, गुरुवारी टँकर आणि शनिवारी बोअर अशी तीर्थं घालतो आणि मासे का कंटाळले म्हणून विचारतो.

त्यात सजावटीची हौस असते. पिरवाडीच्या किनाऱ्यावर गोळा केलेले शंख-शिंपले टाकीत पडतात. शिंपले म्हणजे चुनाच, तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होतं, पीएच वर चढतो. एरवी हे वाईट नाही. पण अमोनियाची गंमत अशी की त्याचा विषारी वाटा पीएचवर ठरतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात पीएच सातवरून आठवर गेला की तो वाटा जवळजवळ दहापट होतो. म्हणजे मोजणीत अमोनिया कालचाच, टाकी कालचीच, मासे मात्र आज तडफडतात. नातवंडांनी हौसेने आणलेल्या शिंपल्यांवर कोणालाही संशय येत नाही.

आता जेवणखाण. हौशी लोक सांगतात की माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. आपल्या घरात एवढ्याशा पोटाच्या प्राण्याचा टिकाव लागणं कठीण. सकाळी बाबा ऑफिसला जाताना चिमूटभर टाकतात. शाळेतून आल्यावर मुलगा टाकतो, कारण मासे त्याच्याकडे बघतात. संध्याकाळी आजी टाकते, कारण दिवेलागणीला दारात आलेल्या कोणाला उपाशी ठेवायचं नसतं. रात्री पाहुणे येतात, ते गंमत म्हणून टाकतात. "अहो, घ्या अजून, लाजू नका" ही परंपरा काचेपाशी थांबत नाही. पण हे पाहुणे "पुरे" म्हणून ताटावर आडवा हात धरू शकत नाहीत. उरलेले दाणे तळाशी जातात, कुजतात आणि अमोनिया होतात. मग मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. कल्ल्यांना प्राणवायू मिळत नसतो. आधीच गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, त्यात नायट्राइट रक्तात शिरून ते तपकिरी करतं आणि असलेला प्राणवायूही वाहून नेऊ देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बिचारे 'खाऊ द्या' म्हणताहेत. आजी डबा उघडते. आमच्या भागात माशांवर उपासमारीचा प्रसंग येत नाही, ते पाहुणचाराने जातात.

या टप्प्यावर दुकानदाराकडे दुसरी फेरी होते. त्याच्या फळीवर निळी बाटली असते, पिवळी असते, हिरवी असते. "पाणी पांढरं झालं? ही टाका. हिरवं झालं? ही टाका." पाणी हिरवं होतं ते टाकी खिडकीपाशी, उन्हात ठेवल्यामुळे, त्याला बाटली नको, पडदा हवा. लाकडाचा ओंडका टाकल्यावर पाणी चहासारखं दिसतं, त्यालाही औषध नको. पण पडदा ओढा म्हणून सांगितलं तर दुकान कसं चालणार? निळी बाटली बहुधा मिथिलीन ब्लूची. ती टाकली की पाणी, खडे, फिल्टर, राजवाडा आणि मालकाची बोटं महिनाभर निळी राहतात, आणि पाणी खराब झालं आहे की नाही हे दिसायचंच बंद होतं. आजारावरचा हा सर्वात समाधानकारक इलाज. तिसऱ्या फेरीला दुकानदार हीटर विकतो. मे महिन्यातल्या उरणमध्ये हीटर!

खरोखर उपयोगी पडणारं एक औषध उरणकरांच्या स्वयंपाकघरातच असतं: मीठ. नायट्राइटची बाधा झाली असेल तर लिटरला एखादा ग्रॅम मीठ पुरतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं. ज्या तालुक्यात पिढ्यानपिढ्या मिठागरं पिकली, तिथला माणूस त्यासाठी चार इंची रंगीत डबी विकत आणतो. तिच्यावर 'अ‍ॅक्वेरियम सॉल्ट' लिहिलेलं असतं.

एखादा सुशिक्षित जावई मग टेस्ट किट भेट देतो. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटांनी रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, जसजसा हिरवा तसतसा धोका. नळी ट्यूबलाइटखाली धरून घरातले पुरुष अर्धा तास वाद घालतात. शेवटी स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत येतात, चष्मा न लावता बघतात आणि सांगतात, "हा लिंबू नाही, पोपटी आहे. अगदी लग्नातल्या माझ्या शालूच्या काठाचा." तक्त्यावर पोपटी म्हणजे धोक्याची सुरुवात. पुढच्या आठवड्यात निदान शेवाळीवर जातं, त्याच्या पुढच्या आठवड्यात बाटलीहिरव्यावर. पैठण्यांवर पोसलेली ही नजर प्रयोगशाळेत असती तर पुष्कळ मासे वाचले असते. इथे वाचत नाहीत, कारण निदान झाल्यावर उपाय सुचवण्याचा अधिकार पुन्हा पुरुष मंडळींकडे जातो आणि ते टाकी धुवायला घेतात.

शेवटी मासा मरतो तेव्हा शास्त्र थांबतं आणि दुसरंच काही सुरू होतं. शेजारच्या काकू खालच्या आवाजात सांगतात, "घरावर काहीतरी येणार होतं, ते त्याने स्वतःवर घेतलं." या एका वाक्यावर शोभिवंत माशांचा सारा बाजार उभा आहे. एका आठवड्यात पाच मासे गेले तर त्या घरावर केवढी संकटं येणार होती, याचा विचार करून घरातले हादरतात आणि घाईने सहा नवे मासे आणतात. ते जुन्याच पाण्यात सोडले जातात. अमोनियावर गुन्हा कधीच दाखल होत नाही.

काही सूज्ञ मंडळी या सगळ्याला विटून उरलेले मासे तळ्यात किंवा ओढ्यात सोडून देतात आणि पुण्य मिळवतात. ते पुण्य किती महाग पडतं हे उजनीच्या मच्छीमारांना विचारावं. काच चाटतो म्हणून टाकीत ठेवायचा तो सकर मासा तिथल्या धरणात असा फोफावला आहे की जाळ्यात काटेरी सकर येतात आणि जाळी फाटतात. जहाजांच्या पाण्यासाठी जगाने करार केला, दिवाणखान्यातल्या बादलीसाठी अजून कोणी केलेला नाही.

उपाय तसा सोपा आहे. टाकीत पाणी भरून, फिल्टर चालू करून, सुरुवातीला दोन-चार चिवट मासे सोडावेत. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्यावं आणि डबा कपाटात कुलूपबंद करावा. क्लोरीन गेलेलं पाणी आठवड्याला पाव हिस्सा बदलावं, अमोनिया दिसला तर थोडं अधिक वेळा. दीड महिना बाकी काही करू नये. हा उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि कोणीही करत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. प्रेम दाखवायला जागा नाही, बाटली विकायला वाव नाही, सल्ला देणाऱ्याला मान नाही.

तरी यातला 'काही करू नये' हा भाग तंतोतंत पाळणारा एक माणूस आमच्या सोसायटीत निघाला. गेटवरचा वॉचमन. कोणीतरी कंटाळून टाकून दिलेली टाकी त्याने केबिनच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यात खाडीकडच्या ओहोळातलं कसलंसं गवत आणि गटारातले गप्पी. पगार बेताचा असल्यामुळे खाणं बेताचं. ड्युटी बारा तासांची असल्यामुळे टाकी धुवायला सवड नाही. ट्रेलरचे नंबर लिहिताना प्यायच्या बाटलीत पाणी उरलं तर तेवढंच त्यात ओततो. स्पंज काळा, काच जरा शेवाळलेली आणि पाण्याला पिवळसर झाक. आत गप्पींची तिसरी की चौथी पिढी आनंदाने नांदते आहे. येणारी-जाणारी मुलं तिथेच रेंगाळतात.

ही बातमी सोसायटीच्या सभेत पोचली तेव्हा सगळ्यांना फार कौतुक वाटलं. एवढी सुंदर टाकी अशी दुर्लक्षित राहावी हे बरं नव्हे, असं सर्वानुमते ठरलं. तिच्या देखभालीसाठी लगोलग तीन जणांची समिती नेमण्यात आली. समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने ठराव केला आहे: येत्या रविवारी टाकी स्वच्छ धुऊन घ्यायची.